सुंभ जळाला, पीळ राहिला

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो, आणि तीही बहुधा कुत्सितपणे. वैभव गेले तरी ताठा गेला नाही, असा तिचा रोख. संस्थानी शहरात वाढलेल्या माणसाच्या कानांवर तर ती जरा अधिकच पडते. परंतु ज्या कुणी ती प्रथम उच्चारली त्याने जळालेला दोर डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे. राखेचा दोर बोट लागताच मोडतो. पण मोडेपर्यंत त्याचे वेढे जसेच्या तसे दिसतात. माणसाचा हात धाग्यावर जी खूण ठेवतो ती इतकी चिवट असते. ह्या चिवटपणाची हकीकत सांगण्यासाठी आज वाचकांना थोडे लांब न्यायचे आहे. आधी इजिप्तला, मग आपल्याच पंचगंगेच्या व गोदावरीच्या काठी, आणि तेथून तेलंगणातील बेल्लमपल्ली ह्या कोळशाच्या गावी.

इजिप्तमधील जुन्या ख्रिस्ती लोकांना कॉप्ट म्हणतात. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून अरबांच्या आगमनापर्यंत, आणि त्यानंतरही, त्यांच्या वस्त्यांतून वापरात असलेल्या असंख्य वस्तू तेथील कोरड्या वाळूने जपून ठेवल्या. फायूम भागातील करानिस ह्या गावी मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ ह्या काळात उत्खनन केले, तेव्हा राजेरजवाड्यांचे सोने निघाले नाही. निघाल्या त्या टोपल्या, फण्या, मुलांची खेळणी आणि सूत काढण्याच्या टकळ्या. अशा टकळ्या आज युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत आहेत. वीतभर किंवा थोडी अधिक लांब, टोकांकडे निमुळती होत गेलेली लाकडी काडी. तिच्या वरच्या अंगाला कातकाम करून घडवलेली घुमटाच्या आकाराची चकती. चकतीवर कोरलेली दोनतीन वर्तुळे. आणि टोकाशी धागा अडकवण्यासाठी खाच, नाहीतर धातूचा आकडा. एवढाच तिचा थाट. ती वर्तुळे कोरली नसती तर सूत काही कमी निघाले नसते. पण रोज हातात घ्यायची वस्तू जरा देखणी असावी, असे त्या कातकऱ्याला वाटले, एवढे त्यांवरून समजते.

आता टकळी इथूनतिथून सारखीच, असे कुणी म्हणेल. काडी, काडीला वजन, आणि भोवऱ्यासारखी गिरकी. ह्यात वेगळे ते काय? वेगळेपण आहे ते गिरकीच्या दिशेत. बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर सूत काढणाऱ्या बाया रंगवलेल्या आहेत, आणि त्यांपैकी काही एकाच वेळी दोनदोन टकळ्या चालवत आहेत. मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली एका विणकरशाळेची लाकडी प्रतिकृती सापडली; तीतही सूत काढणाऱ्या बाया आहेत. इजिप्तची रीत अशी की चकती वर ठेवायची आणि काडी मांडीवर उजव्या तळव्याने खाली लोटून फिरवायची. इतरत्र पुष्कळ ठिकाणी चकती खाली असते आणि काडीला अंगठा व बोटे ह्यांनी चुटकीसरशी गिरकी देतात. ह्या दोन रीतींनी पीळ उलटसुलट बसतो.

पीळ ओळखण्याची युक्ती सोपी आहे. धागा उभा धरावा आणि त्यावरच्या बारीक तिरप्या रेघा पाहाव्यात. त्या डावीकडून उजवीकडे चढत असतील तर पीळ एका प्रकारचा, उतरत असतील तर दुसऱ्या. कापडाचे संशोधक रोमन लिपीतील अक्षरांच्या मधल्या रेघेवरून त्यांना झेड आणि एस म्हणतात. आपण गाण्याच्या भाषेत आरोही आणि अवरोही म्हणू. गंमत अशी की धागा उलटा धरला तरी चढता पीळ उतरता होत नाही. त्यामुळे हातभर धागा असो की नखाएवढा तुकडा, तो फिरवणाऱ्या हाताची दिशा सांगितल्यावाचून राहत नाही.

इजिप्तमधले सूत मुख्यतः जवसाच्या वाकाचे, म्हणजे आपल्या ग्रंथांत ज्याला क्षौम म्हटले आहे त्या जातीचे. जवसाचा तंतू ओला होऊन वाळताना आपणहून अवरोही दिशेला वळतो, आणि तेथल्या बायांचा हातही त्याच दिशेने चाले. मूळ सोय एवढीच. पण पुढे लोकर आली, कापूस आला, तरी हाताने दिशा सोडली नाही. फारोहांची राज्ये गेली, ग्रीक आले, रोमन आले. जुने देव जाऊन येशू ख्रिस्त आला. चित्रलिपी मागे पडून तीच जुनी भाषा ग्रीक अक्षरांत, चारदोन देशी चिन्हे जोडून, लिहिली जाऊ लागली. कॉप्टांच्या रंगीत वस्त्रांचे तुकडे भिंगाखाली धरले तर सूत मात्र बहुतेक त्याच अवरोही पिळाचे दिसते. धर्म आणि लिपी ह्यांहूनही हाताची सवय जुनी ठरली.

आपल्याकडे काय दिसते? आपली माती ओली, पाऊस उदंड आणि वाळवी तत्पर. लाकडी टकळी जमिनीत दोन हजार वर्षे टिकावी असे दैव आपल्याला लाभलेले नाही. मागे राहतात त्या भोक पाडलेल्या मातीच्या चकत्या. नेवासे, इनामगाव येथील उत्खननांत त्या मिळाल्या आहेत. संग्रहालयाच्या कपाटात मण्यांच्या शेजारी त्या ठेवलेल्या असतात आणि पाहणारा मणी पाहून पुढे जातो.

पण एका ठिकाणी प्रत्यक्ष धागाच हाती लागला. डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात नेवाशाला खणले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. तांब्याचे क्षार बुरशीला आणि किडीला मारक असतात; त्यामुळे अशा मण्यांच्या पोटात कधीकधी ओवलेला धागा शिल्लक राहतो. नेवाशाचा धागा तपासला तेव्हा तो कापसाचा, त्यात रेशमाचा अंश मिसळलेला, असे आढळले. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे मिळालेल्या मण्यांतला धागा जवसाचा होता. ज्या आईने तो काढला असेल तिचे नाव, भाषा, देव, काहीही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. सूत पोहोचले.

पुढच्या काळी ह्या सुताचा व्यापार समुद्रापार गेला. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या प्रवासपुस्तिकेत भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे सांगितले आहे. तगरहून साधे कापड पुष्कळ आणि मलमलीच्या अनेक जाती गाड्यांनी भडोचला येत. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. आणि उलट दिशेने काय आले, हे पाहण्यास कोल्हापूरकरांना गाव सोडण्याचेही कारण नाही. ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली समुद्रदेव पोसायडनची ती छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आपण शाळेच्या सहलीपासून पाहत आलो आहोत. तो देव पंचगंगेच्या काठी आला, त्याच शतकांत आपले सूत नाईलच्या देशी उतरत होते.

हे केवळ अनुमान नव्हे. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे जुने इजिप्शियन बंदर आहे. १९९४ पासून तेथे उत्खनन सुरू झाले. भारतातील मिरी निघाली, सागवान निघाले आणि कापडाच्या चिंध्या निघाल्या. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड ह्या दांपत्याने त्या चिंध्यांचा अभ्यास केला. पेच असा होता की कापूस त्या काळी इजिप्तच्या मरूद्यानांतही पिकू लागला होता. मग चिंधी कुठली, हे ठरवायचे कसे? ठरले ते पिळावरून. तेथल्या हाताचे सूत अवरोही आणि भारतीय हाताचे आरोही. त्या खुणेवर भाग झाकून रंगवलेली नक्षीची वस्त्रे ओळखली गेली आणि जहाजांची शिडेसुद्धा आपल्या कापसाची असल्याचे दिसून आले. कुणा बाईने घराच्या पडवीत बसून दिलेली गिरकी अशी दोन हजार वर्षांनी परमुलखात साक्षीला उभी राहिली.

हे सारे टकळीचे काम, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. चरखा आपल्याला सनातन वाटतो, पण भारतातील त्याचा स्पष्ट उल्लेख येतो तो १३५० च्या सुमारास, दक्षिणेत बहामनी सुलतानाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या इसामी ह्या कवीच्या फारसी काव्यात. अजिंठ्याच्या भिंतींवर जी झिरझिरीत वस्त्रे रंगवली आहेत ती त्याच्या कितीतरी आधीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. विधवा, अपंग स्त्रिया, वृद्ध राजदासी, देवळातील सेवेतून निवृत्त झालेल्या दासी, ह्यांच्याकडून त्याने सूत काढवून घ्यावे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना काम घरी पोहोचवावे. सूत नेऊन देण्यास त्या पहाटे आल्या तर दिवा सुतापुरता असावा, आणि बाईचे तोंड पाहणाऱ्या अधिकाऱ्याला दंड व्हावा. ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्या हाती ही काडी असे. संस्कृतात तिला तर्कु म्हणत. आपल्याकडे ती ‘तोंडाची टकळी’ ह्या वाक्प्रचारात उरली आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षणपरिषदेनंतर काही वर्षे ती शाळकरी मुलांच्या दप्तरातही शिरली होती. आता तेथूनही ती गेली.

गेल्या मार्गशीर्षात बेल्लमपल्लीला जाण्याचा योग आला नसता तर लाकडी टकळी चालताना पाहण्याची माझी इच्छा इच्छाच राहिली असती. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन तिकडे गेली आहे आणि गावातल्या दहाबारा मुलींना गाणे शिकवते. त्यांची परीक्षा घ्यायला तिने मला बोलावले होते. बल्लारशा-काझीपेठ लोहमार्गावरचे हे स्टेशन. गाव वाढले ते सिंगरेणीच्या कोळशाने. २०१६ पासून ते मंचेरियाल जिल्ह्यात आहे, पण त्याआधी आदिलाबाद जिल्ह्यात होते. आणि आपले राजुरा व किनवट हे तालुकेही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याच आदिलाबादचे. त्यामुळे बाजारात मराठी समजणारा माणूस अधूनमधून भेटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेर फिरायला निघालो, तर चिंचेच्या सावलीत मेंढरे बसली होती आणि त्यांचा म्हातारा राखणदार उभ्याउभ्याच सूत काढत होता. तिकडे ह्या मेंढपाळांना कुरुमा म्हणतात. आपल्या धनगरांसारखेच काळ्या लोकरीचे हे लोक. आपल्या घोंगडीला ते गोंगडी म्हणतात. डाव्या मनगटाभोवती पिंजलेल्या लोकरीचा सैल वेढा. उजव्या हातात लाकडाची टकळी. काडी दीड वीत, खाली हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली चकती. अंगठ्याने चुटकी मारावी तशी गिरकी, मग डावा हात हळूहळू वर, लोकर सुटत जाते, धागा बनत जातो. टकळी जमिनीजवळ आली की क्षणभर थांबायचे, झालेला धागा काडीवर गुंडाळायचा, पुन्हा गिरकी. गिरकी, ओढ, गुंडाळणे: मी नकळत मात्रा मोजू लागलो. तालाची समज असलेल्या कुणालाही मोजाव्याशा वाटल्या असत्या. मेंढरांवरची त्याची नजर मात्र एकदाही हातांकडे वळली नाही.

माझ्या विद्यार्थिनीने मध्यस्थी केली. ‘तात, हे आमचे गुरुजी. त्यांना तुमची टकळी पाहायची आहे.’ म्हाताऱ्याने ‘कदुरु’ असे म्हणत ती माझ्या हातात दिली. टकळीचे ते तेलुगू नाव. वजन जेमतेम एका लिंबाएवढे. मी धागा उभा धरून पाहिला. पीळ चढता, आरोही. बेरेनिकेच्या वाळूतून निघालेल्या सुताचा तोच.

‘तात, हे तुम्हाला शिकवले कोणी?’ मी विचारले. त्याला प्रश्नच कळेना. विद्यार्थिनीने पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘शिकवायचे काय? बापाच्या मागे चालत होतो.’ मुलगा शिकला का, ह्यावर त्याने मान हलवली. मुलगा ट्रक चालवतो. पूर्वी लोकर घ्यायला माणसे दारी येत. आता कातरणाऱ्याला पदरचे पैसे द्यावे लागतात आणि कातरलेली लोकर कोणी उचलत नाही. बाजारात मागणी मांसाला, म्हणून बिनलोकरीच्या जातीची मेंढरे वाढत आहेत. ‘मग तुम्ही सूत कशाला काढता?’ म्हाताऱ्याने आपल्या खांद्यावरची घोंगडी दाखवली. तिच्या एका कोपऱ्याला घरी काढलेल्या सुताने रफू केले होते.

बेल्लमपल्लीहून परतताना गाडीत मी आमच्या घरचा विचार करीत होतो. माझे वडील, आबा, विशीच्या आतच दरबारी गवई म्हणून नोकरीस लागले, आणि थोड्याच वर्षांत, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान विलीन झाले. दरबार संपला, तरी देवापुढची सेवा आणि घरची शिकवणी त्यांनी मरेपर्यंत चालवली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. तंबोऱ्याची जवारी लावायची झाली की ते घोडीवर तारेखाली घालायचा सुती दोरा आधी दोन बोटांत फिरवून पाहत. फार पिळाचा दोरा असला तर तो टणक लागतो, तार गुंजत नाही, म्हणून बाजूला टाकत. अगदी सैल असला तरी टाकत. ‘हा घे,’ म्हणून दिलेला दोरा आणि टाकलेला दोरा ह्यांत फरक काय, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितले नाही. आज मी दोरा बोटांत फिरवतो तेव्हा मला तो कळतो.

कॉप्टांच्या चर्चमध्येही असेच काहीसे आहे. त्यांची जुनी भाषा बोलण्यातून गेली, पण उपासनेच्या गाण्यात राहिली, आणि ते गाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले ते बहुतांशी अंध गायकांनी, तोंडी पाठ करून. राघेब मुफ्ताह ह्या कैरोच्या संगीतप्रेमी गृहस्थाने अर्नेस्ट न्यूलँडस्मिथ ह्या इंग्रज संगीतज्ञास बोलावले, आणि मिखाईल गिर्गिस अल्‌-बतानूनी ह्या अंध गायकाकडून ऐकून न्यूलँडस्मिथने १९२६ ते १९३६ ह्या दहा वर्षांत सोळा बाडे स्वरलिपी उतरून काढली. आपल्याकडे पं. भातखंडे ह्यांनी हेच केले, आणि त्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण स्वरलिपीवरून शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की कागदावर स्वर उतरतात, मींडेचे वळण गळ्यातून गळ्यातच जाते. दोनतीन वर्षांपूर्वी सांगलीला माझी एक विद्यार्थिनी गायली. आबांना तिने पाहिलेलेही नाही. बैठक आटोपल्यावर एक वृद्ध श्रोते जवळ आले आणि म्हणाले, ‘गंधारावरून उतरताना ही जी वळते, ते आबांचे ना?’ ध्वनिमुद्रण नसल्याचे दुःख त्या दिवसापासून मला पूर्वीइतके राहिले नाही.

मात्र ह्यात समाधान मानून स्वस्थ बसण्यासारखे काही नाही. करानिसच्या टकळ्या काचेच्या कपाटात सुखरूप आहेत आणि आणखी हजार वर्षे राहतील. पण काचेआडची टकळी एक वावही सूत काढत नाही. बेल्लमपल्लीच्या म्हाताऱ्याची टकळी कुणी संग्रहालयात नेणार नाही. ती चालते आहे तोवर धागा वाढतो आहे, आणि तिच्यामागे चालणारे पोर नाही. सगळ्या मुलांनी मेंढरांमागे जावे असे कोणी म्हणणार नाही. ट्रक चालवणारा मुलगा बापापेक्षा चार पैसे अधिक मिळवतो, आणि मिळवावेत. पण लोकर उकिरड्यावर आणि घोंगडीच्या नावाने गिरणीचा कृत्रिम धागा बाजारात, ह्यात कुणाचे भले झाले ते समजत नाही. निदान घेणाऱ्याने तरी हातच्या सुताची घोंगडी कोणती हे ओळखावे, विचारून घ्यावी आणि तिचे मोल द्यावे. गिऱ्हाईक असेल तर हात चालेल. हात चालेल तर पाहणारे एखादे पोर निघेल.

पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला जाणाऱ्यांनी यंदा धनगरांच्या खांद्यांकडे जरा निरखून पाहावे. आणि यात्रेला न जाणाऱ्यांनी घरातली जुनी घोंगडी माळ्यावरून काढावी, कडेचा एक सुटलेला धागा उजेडात उभा धरावा आणि रेघा कुठल्या बाजूला चढतात ते पाहावे. चष्मा असल्यास लावावा. धागा काळा असतो.